घोषणांपलीकडचे युसूफ मेहेरअली

दर ऑगस्टमध्ये क्रांती दिन जवळ आला की आपल्या मोबाइलवर एक मेसेज फिरू लागतो. ‘सायमन गो बॅक’ आणि ‘क्विट इंडिया’ या दोन्ही घोषणा देणारा माणूस मुसलमान होता, त्याचे नाव युसूफ मेहेरअली, असा त्याचा मजकूर असतो. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये तो आधी मोहल्ल्याच्या ग्रुपवर येतो, मग सोसायटीच्या आणि कंपनीच्या ग्रुपवर टाकला जातो. ‘तुमच्या लोकांनी देशासाठी काय केले?’ असे विचारणाऱ्याला ते एक तयार उत्तर असते.

माहिती खोटी नाही. पण या दोन घोषणांच्या मधे चौदा वर्षांचे अंतर आहे. पहिली १९२८ ची, दुसरी १९४२ ची. मधल्या काळात हा माणूस काय करत होता, ते मेसेजमध्ये नसते. खरी गोष्ट मात्र त्या चौदा वर्षांतच आहे. त्या काळात हिंदुस्थानातल्या प्रत्येक मुस्लिम पुढाऱ्यासमोर एक पेच होता. मुसलमानांचा प्रतिनिधी म्हणून राजकारण करायचे, की मुसलमान राहून सगळ्यांचे राजकारण करायचे? मेहेरअलींनी दुसरा रस्ता धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. त्या रस्त्यावर त्यांना काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे आज नीट पाहायला हवे.

एका शहरातले दोन खोजे

युसूफ मेहेरअलींचा जन्म १९०३ सालचा, मुंबईतल्या सधन खोजा व्यापारी कुटुंबातला. एल्फिन्स्टन कॉलेजातून त्यांनी इतिहास आणि अर्थशास्त्र घेऊन पदवी घेतली, पुढे कायद्याचा अभ्यास केला. घरची परिस्थिती पाहता वकिली करावी, धंदा सांभाळावा, असा सरळ मार्ग समोर होता. पण वकिलीची सनद त्यांना मिळाली नाही. त्यांच्या राजकीय उद्योगांमुळे हायकोर्टाने ती नाकारली.

ते उद्योग सुरू झाले होते तरुणांच्या संघटनेपासून. १९२८ मध्ये मुंबईत यूथ लीग उभी राहिली, तिच्या पुढाऱ्यांत मेहेरअली होते. ते वर्षच धामधुमीचे होते. एप्रिलपासून मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला, सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. त्याआधी, ३ फेब्रुवारीला, सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरले. हिंदुस्थानला पुढे कोणते अधिकार द्यायचे हे ठरवणाऱ्या या सात जणांच्या कमिशनमध्ये एकही हिंदी माणूस नव्हता. यूथ लीगची पोरे हमालांच्या वेशात धक्क्यावर शिरली आणि ‘सायमन गो बॅक’चा पुकारा झाला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, मेहेरअलींनाही मार बसला. ते तेव्हा चोवीस वर्षांचे होते.

याच शहरात, याच कमिशनवर बहिष्कार घालणारा आणखी एक मुस्लिम पुढारी होता. तोही खोजा घराण्यातला, बॅरिस्टर, वय एक्कावन्न. महंमद अली जिना. आज हे अनेकांना खरे वाटत नाही, पण कमिशनशी सहकार्य करायचे की नाही यावर मुस्लिम लीगचे दोन तुकडे पडले होते. सर महंमद शफींचा गट सहकार्याच्या बाजूचा होता आणि जिनांचा बहिष्काराच्या. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च १९२७ मध्ये, जिनांनी आणखी एक मोठी गोष्ट केली होती. काही अटी मान्य झाल्या तर मुसलमानांनी विभक्त मतदारसंघ सोडावेत, असा प्रस्ताव त्यांनी इतर मुस्लिम नेत्यांना बरोबर घेऊन पुढे ठेवला होता. केंद्रात एक तृतीयांश जागा, सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा करणे, अशा त्या अटी होत्या.

१९२८ च्या अखेरीस कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत जिनांच्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. मार्च १९२९ मध्ये त्यांनी आपले चौदा मुद्दे मांडले आणि विभक्त मतदारसंघाची मागणी पुन्हा पुढे आली. म्हणजे १९२८ मध्ये एका बहिष्कारात असलेले दोन खोजे वर्षभरातच वेगळ्या वाटांना लागले. हा फरक धर्माच्या पालनाचा नव्हता. मुसलमानांची सुरक्षितता कशाने टिकेल, याच्या उत्तरातला तो फरक होता.

विभक्त मतदारसंघ म्हणजे काय होते?

हा शब्द आपण शाळेत पाठ करतो आणि विसरतो. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी तो आणला. मुसलमानांच्या जागा वेगळ्या, त्यांची मतदार यादी वेगळी. मुस्लिम मतदार फक्त मुस्लिम उमेदवाराला मत देणार, इतरांनी त्या जागेकडे बघायचे नाही.

याचा परिणाम सोपा होता. मुस्लिम उमेदवाराला हिंदू मतदाराच्या दारात जायची गरज उरली नाही आणि हिंदू उमेदवाराला मोहल्ल्यात पाऊल ठेवायची गरज उरली नाही. दोघेही आपापल्या लोकांना दुसऱ्याची भीती घालून निवडून येऊ शकत होते. शिवाय मतदानाचा हक्क मालमत्ता आणि शिक्षणाला बांधलेला होता. त्यामुळे ‘मुसलमानांचा प्रतिनिधी’ म्हणजे बहुतेक वेळा जमीनदार, खानबहादूर किंवा मोठा वकील. विणकर, तांबोळी, बागवान, गिरणीतला मोमीन या यादीत जवळजवळ नव्हता. आपल्या इलाख्यात तर १९३६ पर्यंत सिंधही होता. कायदेमंडळातल्या मुस्लिम बाकांवर सिंधच्या जमीनदारांचे वजन होते, कोकण आणि देशावरच्या मराठी बोलणाऱ्या मुसलमानाचा आवाज त्यात क्षीण.

तरीही विभक्त मतदारसंघ मागणारे सगळे लोक इंग्रजांचे हस्तक होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या समाजाची संख्या कमी, शिक्षण कमी आणि नोकऱ्या कमी, त्याला स्वतःच्या आवाजाची हमी हवी असते. दलितांसमोरही हाच प्रश्न होता. डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनवर बहिष्कार न घालता ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यात त्याच्यासमोर साक्ष दिली, ती याच कारणाने. पुढे १९३२ च्या जातीय निवाड्यात दलितांना विभक्त मतदारसंघ मिळाले आणि २४ सप्टेंबरला येरवड्यात पुणे करार होऊन त्याऐवजी राखीव जागा आल्या. मुसलमानांचे विभक्त मतदारसंघ मात्र तसेच राहिले.

नाशिकचा तुरुंग

या काळात मेहेरअली बहुतेक वेळ तुरुंगात किंवा तुरुंगाच्या वाटेवर होते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. १९३२ मध्ये पुन्हा अटक आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. ती त्यांनी नाशिकच्या तुरुंगात काढली.

नाशिकच्या तुरुंगात त्या दिवसांत जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी अशी मंडळी एकत्र आली होती. तिथल्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना पक्की झाली. मे १९३४ मध्ये पाटण्यात आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली पहिली बैठक झाली आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईत पक्षाचे पहिले अधिवेशन भरले. मेहेरअली या पक्षाच्या संस्थापकांपैकी एक.

या यादीकडे पाहा. त्यात पुण्याचे ब्राह्मण आहेत, मुंबईचा पारशी आहे, बिहारचा कायस्थ आहे आणि एक खोजा मुसलमान आहे. मेहेरअली तिथे ‘मुस्लिम चेहरा’ म्हणून नव्हते. मुस्लिम मते आणण्यासाठी त्यांना कुणी घेतले नव्हते. ते संघटक होते, लिहिणारे होते, तरुणांना वाचायला लावणारे होते. पक्षात त्यांची जागा या कामाची होती. आजच्या राजकीय पक्षांची ‘अल्पसंख्याक सेल’ नावाची खोली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातला फरक सांगावा लागणार नाही.

युरोपातही तोच पेच

हा प्रश्न फक्त आपलाच होता असे नाही. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात नवी राष्ट्रे निर्माण झाली आणि प्रत्येकात अल्पसंख्याक उरले. पोलंडमध्ये लाखो युक्रेनियन होते. १९१९ मध्ये पोलंडने अल्पसंख्याकांच्या रक्षणाच्या करारावर सही केली होती, पण १९३४ मध्ये त्या करारातून अंग काढून घेतले. त्याच काळात युक्रेनियनांच्या सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते वासिल मुद्री यांनी सरकारशी जुळवून घ्यायचे ठरवले. १९३५ मध्ये ते पोलिश संसदेचे उपसभापती झाले. खुर्ची मिळाली, पण अविश्वास संपला नाही. त्यांच्या समाजातले जहाल तरुण त्यांना विकलेला म्हणत आणि पोलिश राष्ट्रवादी त्यांना परका समजत. १९३९ मध्ये तर युद्धाने ते राज्यच पुसून टाकले.

अल्पसंख्य समाजाच्या पुढाऱ्याला दोन्हीकडून मार बसतो, हे मुद्रींच्या आयुष्यातून दिसते. मेहेरअलींचा मार्ग मुद्रींपेक्षा वेगळा होता. मुद्री आपल्या समाजाच्या वतीने सरकारशी सौदा करत होते. मेहेरअलींनी कुणाच्याही वतीने सौदा करायचे नाकारले. पण दोन्हीकडून एकटे पडण्याचा धोका त्यांनाही चुकला नाही.

१९३७ चा कौल

१९३५ च्या कायद्यानंतर १९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबई कायदेमंडळाच्या १७५ जागांपैकी २९ मुसलमानांसाठी होत्या. देशभर मुस्लिम जागा ४८२. त्यातल्या फक्त ५८ काँग्रेसने लढवल्या आणि २६ जिंकल्या. हा आकडा नीट वाचायला हवा. चारशेहून जास्त जागांवर काँग्रेसने उमेदवारच दिला नव्हता. म्हणजे मुसलमानांनी काँग्रेसला नाकारले हे अर्धे सत्य, काँग्रेस बहुतेक मुसलमानांकडे गेलीच नाही हे उरलेले अर्धे.

निकालानंतर नेहरूंनी मुस्लिम जनसंपर्काची मोहीम काढली. कुँवर महंमद अश्रफ यांच्यासारखा समाजवादी विद्वान तिच्या कामाला होता. दोनेक वर्षांत ती विरून गेली. काँग्रेसच्या गावोगावच्या समित्यांना त्यात रस नव्हता आणि लीगने मात्र ती मोहीम म्हणजे आपल्यावरचा हल्ला समजून जोमाने संघटना बांधली.

इथे समाजवाद्यांच्या विचारातली एक उणीवही सांगितली पाहिजे. त्यांचा विश्वास असा की शेतकऱ्याचा आणि कामगाराचा लढा पुढे गेला की हिंदू-मुस्लिम तेढ आपोआप मागे पडेल. पोटाचा प्रश्न एक, मग धर्माचे भांडण कशाला? ऐकायला हे बरोबर वाटते. पण मुंबईने १९२९ आणि १९३२ मध्ये मोठ्या दंगली पाहिल्या होत्या आणि त्या गिरणगावातल्या कामगार वस्त्यांपर्यंत पोहोचल्या होत्या. एकाच खात्यात शेजारी शेजारी काम करणारे लोक रस्त्यावर एकमेकांच्या अंगावर गेले होते. भीती ही स्वतंत्र गोष्ट आहे, पगारवाढीने ती जात नाही. दंगलीनंतर मोहल्ल्यात परतलेल्या माणसाला ‘उद्या काही झाले तर माझ्या बाजूने कोण उभे राहील?’ या प्रश्नाचे उत्तर हवे असते. लीगने त्याला चुकीचे का होईना, उत्तर दिले. समाजवाद्यांकडे चांगला विचार होता, पण मोहल्ल्यात शाखा नव्हती.

मेहेरअली लोकप्रिय होते, पण मुस्लिम समाजाचा जथा त्यांच्यामागे कधी उभा राहिला नाही, याचे कारण यात आहे. केवळ ‘कौमने आपला हिरा ओळखला नाही’ असे म्हणून हा विषय मिटत नाही.

न्यूयॉर्क, लाहोर, मुंबई

१९३८ मध्ये मेहेरअली जागतिक युवक परिषदेसाठी हिंदी तरुणांचे शिष्टमंडळ घेऊन अमेरिकेत गेले, तिथून मेक्सिकोलाही गेले. परदेशी लोकांना आजच्या हिंदुस्थानबद्दल देण्यासाठी आपल्याकडे साधी पुस्तकेही नाहीत, हे त्यांना तिथे जाणवले. परतल्यावर त्यांनी ‘लीडर्स ऑफ इंडिया’ ही पुढाऱ्यांच्या ओळखीची मालिका लिहिली. तिची हिंदी, गुजराती आणि उर्दूत भाषांतरे झाली.

युद्ध सुरू झाले, १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह आला आणि मेहेरअली पुन्हा आत गेले. त्याच वर्षी २३ मार्चला लाहोरमध्ये मुस्लिम लीगने तो प्रसिद्ध ठराव केला होता, ज्याला पुढे पाकिस्तानचा ठराव म्हटले गेले. १९४२ मध्ये मुंबईच्या महापौरपदासाठी मेहेरअलींचे नाव पुढे आले तेव्हा ते लाहोरच्याच तुरुंगात होते. मुसलमानांना वेगळे राष्ट्र हवे असे ज्या शहरात सांगितले गेले, त्याच शहराच्या तुरुंगातला एक मुसलमान मुंबईचा महापौर होणार होता. ते सुटून आले, निवडून आले आणि तोपर्यंतच्या महापौरांत सर्वांत तरुण ठरले. शहराच्या नागरी सोयींकडे लक्ष देणारा महापौर म्हणून त्यांचे नाव झाले.

त्याच उन्हाळ्यात गांधीजी इंग्रजांना अखेरचा इशारा देण्याच्या तयारीत होते. त्यासाठी नेमके शब्द कोणते, यावर मुंबईत बोलणे झाले. शांतिकुमार मोरारजींनी नोंदवलेल्या आठवणीनुसार कुणी ‘गेट आउट’ सुचवले, ते गांधीजींना उद्धट वाटले. राजाजींनीही पर्याय दिले. मेहेरअलींनी गांधीजींना ‘क्विट इंडिया’ असे कोरलेले एक धनुष्य भेट दिले आणि ते शब्द गांधीजींना पसंत पडले. मेहेरअलींनी त्याच नावाची पुस्तिका काढली, बिल्ले तयार करून वाटले. ८ ऑगस्टला गवालिया टँक मैदानावर ठराव झाला. नंतरच्या धरपकडीत मुंबईचा महापौरही तुरुंगात गेला.

येरवडा

हा तुरुंग होता येरवड्याचा, आमच्या पिंपरीपासून नदीच्या वाटेने फार लांब नसलेला. तिथे मेहेरअलींना हृदयविकाराचा झटका आला. मुंबईच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये हलवून खास उपचार द्यायची तयारी सरकारने दाखवली. मेहेरअलींनी सांगितले, माझ्याबरोबर आजारी असलेल्या आणखी दोन कैद्यांनाही तीच सोय द्या. सरकार तयार झाले नाही, म्हणून मेहेरअलींनीही ती सोय घेतली नाही. १९४३ मध्ये सुटका झाली, पण तब्येत पुन्हा पूर्ण सुधारली नाही.

मला या माणसाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग हा वाटतो. घोषणेला टाळ्या मिळतात. सवलत नाकारायला मात्र कुणी बघत नसते. मला एकट्याला मिळणार असेल तर नको, सगळ्या गरजूंना मिळत असेल तर द्या, हेच त्यांचे राजकारण होते आणि तुरुंगातल्या खाटेवरही ते बदलले नाही.

१९४८ मध्ये समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले, मेहेरअलीही पडले. फाळणी झाली होती, मुंबईत राहिलेल्या मुसलमानांवर संशयाची नजर होती. दरम्यान संविधान सभेने विभक्त मतदारसंघ रद्द केले आणि १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही वगळल्या. प्रत्येक उमेदवाराला प्रत्येक मतदाराच्या दारात जावे लागेल, अशी व्यवस्था २६ जानेवारी १९५० ला लागू झाली. मेहेरअली २ जुलै १९५० ला गेले. वय सेहेचाळीस. त्या व्यवस्थेतली पहिली निवडणूक त्यांनी पाहिली नाही. त्यांच्या साथीदारांनी पुढे १९६१ मध्ये त्यांच्या नावाने एक संस्था काढली. पनवेलजवळ तारा गावात तिचे काम आजही चालते.

दोन्ही बाजूंना प्रश्न

विभक्त मतदारसंघ कायद्यातून गेले. ते डोक्यांतून गेले का? आपल्याकडे पालिकेची निवडणूक लागली की पक्ष मुस्लिम उमेदवार कुठे शोधतात, हे पाहा. ज्या प्रभागात मुस्लिम मते जास्त, तिथेच. बाकीच्या शहरासाठी मुस्लिम माणूस पाणी, कचरा, पीएमपी बस यावर बोलण्यास लायक नाही, असे कुणी उघड म्हणत नाही, पण तिकीटवाटप तेच सांगते. मेहेरअली अख्ख्या मुंबईचे महापौर होते. त्यांच्या नावाचा मेसेज आवडीने वाचणाऱ्या प्रत्येक पक्षाने स्वतःला विचारावे, आपल्या पक्षात आज मेहेरअली कोणत्या खोलीत बसले असते?

आणि दुसरा प्रश्न आपल्याला. आपणही त्यांना फक्त प्रमाणपत्र म्हणून वापरतो. ज्याने आयुष्यभर आपल्या देशप्रेमाचा दाखला कुणाला दाखवला नाही, त्यालाच आपण दाखला करून टाकले. त्यांच्यासारखे काम करायचे तर मोहल्ल्याबाहेरच्या प्रश्नांत उतरावे लागेल. कंत्राटी कामगाराच्या युनियनमध्ये, पाण्याच्या मोर्चात, वाचनालयाच्या कमिटीत, जिथे आपले नाव एकटेच असेल तिथेही. आणि मोहल्ल्याच्या भीतीकडे पाठ न फिरवता, कारण त्या पिढीच्या समाजवाद्यांकडून नेमके तेच राहून गेले होते.

पुढच्या ऑगस्टला तो मेसेज आला तर जरूर पुढे पाठवा. पण त्यात येरवड्याची गोष्टही जोडा. दोन घोषणा कुणीही लक्षात ठेवील. दोन आजारी साथीदारांसाठी स्वतःचा उपचार नाकारणारा महापौर लक्षात राहिला, तर त्या घोषणांचा अर्थही आपल्याला कळेल.